गोफर: वेबच्या आधी जिंकत असलेला गडी

मागच्या भागात आपण टिम बर्नर्स-लीचा सर्नमधला १९८९ चा प्रस्ताव पाहिला. त्यानंतर वेब सरळ जगभर पसरलं, असं आपल्याला वाटतं. पण १९९२ मध्ये कोणाला विचारलं असतं ना, तर त्याने गोफरवर पैज लावली असती.

गोफर म्हणजे बिळं खणणारा एक छोटा प्राणी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या खेळाडूंच्या संघांचं नावही तेच. तिथे १९९१ मध्ये मार्क मॅकाहिल आणि त्याच्या टीमने या नावाची सिस्टीम बनवली. वापरायला एकदम सोपी. स्क्रीनवर मेनू यायचा, एक ओळ निवडली की फाइल उघडायची, नाहीतर पुढचा मेनू. तो मेनू दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरचा असला तरी वापरणाऱ्याला फरक कळायचा नाही. विद्यापीठांनी, लायब्ररींनी धडाधड गोफर सर्व्हर उभे केले. वेबमध्ये मजकुरातच लिंक देता यायची, ही कल्पना जास्त ताकदीची. पण तेव्हा चांगले ब्राउझरच कमी होते.

मग १९९३ च्या सुरुवातीला मिनेसोटाने जाहीर केलं, की आमच्या गोफर सर्व्हरच्या व्यावसायिक वापरासाठी लायसन्स फी लागेल. शिक्षणसंस्थांना फारशी झळ नव्हती. आणि खरं सांगायचं तर मागणी काही अन्यायाची नव्हती. अख्खं जग वापरतंय आणि पगार एकटं विद्यापीठ देतंय! पण डेव्हलपर लोक बिचकले. आज सर्व्हरवर फी, उद्या कशावर? आपण स्वतः लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगितला तर?

बर्नर्स-लीने ही चलबिचल बरोबर हेरली. तो आणि रॉबर्ट कायो सर्नच्या मागे लागले. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने लेखी जाहीर केलं, की वेबचा साधा ब्राउझर, सर्व्हर आणि कोडची लायब्ररी, तिन्ही सार्वजनिक मालकीचे. फी नाही, परवानगी नाही. त्याच वर्षी मजकुरातच चित्रं दाखवणारा मोझॅक ब्राउझर आला. वेबच्या यशाचं सगळं श्रेय लोक मोझॅकला देतात. मला ते अर्धंच पटतं, कारण ज्यावर उद्या बिल येऊ शकतं त्यावर कंपन्यांनी धंदा उभारलाच नसता.

१९९४ मध्ये वेबच्या ट्रॅफिकने गोफरला मागे टाकलं. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तोवर निकाल लागून गेला होता. मिनेसोटाने गोफरचं सॉफ्टवेअर मुक्त लायसन्सखाली दिलं, पण कधी? २००० मध्ये.