तुरुंग शिपायाच्या संरक्षणासाठी फाशी : एका गृहीतकाची १२१ वर्षं

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या एखाद्या गुन्ह्यात न्यायालयीन कोठडी मिळाली, की आरोपीची रवानगी बहुधा येरवड्याला होते. १८७१ सालच्या या कारागृहात बराकी उघडणारा, झडती घेणारा, भांडणात मध्ये पडणारा शिपाई रोज कैद्यांच्या हाताच्या अंतरावर उभा असतो. त्याच्या जिवाला धोका आहे, यात वाद नाही. प्रश्न असा की कायद्याने त्यावर कोणता उपाय शोधला?

भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार जन्मठेपेच्या (पूर्वी जन्मभर काळ्या पाण्याच्या) कैद्याने खून केला तर शिक्षा एकच, फाशी. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. कलमात तुरुंग कर्मचाऱ्यांचा उल्लेख नाही. पण मुख्य उद्देश त्यांना संरक्षण देण्याचा दिसतो, असं विधी आयोगाने १९७१ च्या ४२ व्या अहवालात म्हटलं. तर्क सरळ होता : ज्याला जन्मठेप झालेलीच आहे, त्याला आणखी जन्मठेपेची भीती कसली?

वाचायला पटतं ना? आता हेच विधान गृहीतक म्हणून तपासा. जन्मठेपेचे कैदी इतरांपेक्षा जास्त धोकादायक असतात, याला पुरावा काय?

७ एप्रिल १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 'मिठू विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात कलम ३०३ घटनाबाह्य ठरवलं. मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचं. ते मूळचे पुण्याचे. या समजुतीला शास्त्रीय आकडेवारीचा आधार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. दुसरी अडचण व्याप्तीची होती. पॅरोलवर बाहेर असलेल्याने गावच्या भांडणात खून केला तरी हेच कलम लागायचं. तिथे तुरुंग शिपायाचा संबंध काय?

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर गट चुकीच्या निकषावर पाडला होता. धोका मोजायचा असेल तर हल्ला कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या कामात, किती कैद्यांमागे किती शिपाई असताना झाला, हे बघावं लागतं. कैद्याची शिक्षा हा त्यातला फक्त एक घटक. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत ७५.८ टक्के कैदी न्यायाधीन, म्हणजे शिक्षाच न झालेले होते. कलम ३०३ आज असतं, तरी यातल्या बहुतेकांना ते लागूच झालं नसतं.

कलम गेलं म्हणून शिपाई उघडा पडला नाही. खुनासाठी कलम ३०२ होतंच, आणि १८९४ चा तुरुंग कायदा हल्ल्याला तुरुंगातला गुन्हा मानतच होता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०४ च्या रूपाने हा वेगळा गट परत आला आहे. आता शिक्षा फाशी किंवा मरेपर्यंत कैद. न्यायाधीशाला पर्याय आहे. पण गट मात्र अजूनही शिक्षेवरूनच पाडलेला आहे. तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल, तर सुरुवात इथून करा.