परत येणारी युद्धनौका

जपानमधील कुरे शहरात 2005 साली यामातो संग्रहालय उघडले. तिथे एका युद्धनौकेची एकदशांश आकाराची प्रतिकृती ठेवली आहे आणि ती प्रतिकृतीच 26.3 मीटर लांब आहे. मूळ नौका याच शहराच्या गोदीत बांधली गेली. मात्र यामातो हे नाव पुष्कळांना प्रथम कळले ते अंतराळात उडणाऱ्या एका काल्पनिक नौकेचे म्हणून. मीही त्यांतलाच. खरी नौका आणि कल्पनेतली नौका शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मला जाणवले की कल्पनेतल्या नौकेची रचना म्हणजे खऱ्या नौकेच्या शेवटाला दिलेले उत्तर आहे.

आधी खरी नौका पाहू. 263 मीटर लांबी, पूर्ण भारासह सुमारे 72 हजार टन वजन. तीन बुरुजांत प्रत्येकी तीन अशा नऊ तोफा. त्यांच्या नळीचा व्यास 46 सेंटिमीटर, गोळा जवळपास दीड टनाचा आणि पल्ला सुमारे 42 किलोमीटर. यांपेक्षा मोठ्या तोफा दुसऱ्या कोणत्याही युद्धनौकेवर कधी बसल्या नाहीत. 16 डिसेंबर 1941 रोजी ती नौदलात दाखल झाली. त्याच्या सहाच दिवस आधी जपानी विमानांनी मलायाच्या समुद्रात ब्रिटनच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन मोठ्या नौका बुडवल्या होत्या. नौकेने नौकेशी लढण्याचे दिवस सरले, हे जपाननेच जगाला दाखवून दिले होते. म्हणजे जन्मली तेव्हाच यामातो जुनी झाली होती.

पुढे तिच्या वाट्याला तेच आले. एप्रिल 1945 मध्ये तिला ओकिनावाकडे पाठवले गेले. मोहीम परतीची नव्हती. डोक्यावर संरक्षण देणारी विमाने नव्हती. 7 एप्रिलला अमेरिकेच्या शेकडो विमानांनी बॉम्ब आणि पाणतीरांचा मारा केला. पाणतीर मुख्यतः डाव्या कुशीत बसले, नौका कलंडली, दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि सुमारे तीन हजार माणसे तिच्याबरोबर गेली.

ऑक्टोबर 1974 मध्ये ही नौका जपानी दूरचित्रवाणीवर पुन्हा वर आली. निर्माते योशिनोबू निशिझाकी आणि चित्रकथाकार लेइजी मात्सुमोतो यांच्या या चलच्चित्र मालिकेची गोष्ट 2199 सालची. गामिलास नावाच्या परग्रहाने पृथ्वीवर किरणोत्सारी अशनींचा मारा केला आहे. समुद्र आटले आहेत, माणसे जमिनीखाली राहतात आणि मानवजातीच्या हाती एकच वर्ष उरले आहे. आटलेल्या समुद्राच्या तळाशी पडलेल्या यामातोच्या सांगाड्यात गुपचूप एक अंतराळनौका बांधली जाते.

ती आधी बांधली जात होती निवडक माणसांना घेऊन पळण्यासाठी. पण 1,48,000 प्रकाशवर्षे दूर असलेल्या इस्कंदर ग्रहाची राणी नव्या इंजिनाचे आराखडे पाठवते आणि किरणोत्सार नाहीसा करणारे यंत्र न्यायला या, असे सांगते. नौकेचे काम बदलते. आता जायचे ते परत येण्यासाठी.

तिच्या रचनेत जुन्या नौकेच्या खुणा जपल्या आहेत. तीन बुरूज, नऊ तोफा तशाच. फक्त गोळ्यांऐवजी त्यांतून ऊर्जेचे झोत निघतात. खऱ्या यामातोच्या नाळेवर सम्राटाचे शेवंतीचे चिन्ह होते. नव्या नौकेच्या नाळेवर एक प्रचंड तोंड आहे, तरंग-तोफेचे. जिथे सत्तेची मुद्रा होती तिथे संहाराची शक्ती आली.

या तोफेची मांडणी मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तिला वेगळे बळ नाही. प्रकाशापेक्षा वेगाने झेप घेऊ देणाऱ्या इंजिनाचीच सगळी ऊर्जा तिच्यात ओतावी लागते. तोफ डागली की इंजिन पुन्हा भरेपर्यंत नौका निराधार. घरी नेणारी आणि जाळून टाकणारी शक्ती एकच असल्यामुळे प्रत्येक वेळी निवड करावी लागते. गुरूवर पहिली चाचणी होते तेव्हा तिथला एक तरंगता भूखंडच नाहीसा होतो. विजयाच्या आनंदापेक्षा नौकेवरच्यांना स्वतःच्या ताकदीची धास्ती अधिक वाटते. शेवटी गामिलासच्या उद्ध्वस्त नगरापुढे तरुण नायक कोदाई रडतो; आपण लढायला नको होते, प्रेम करायला हवे होते, असे त्याला वाटते. हिरोशिमानंतर तीस वर्षांच्या आत जपानी मुलांसाठी लिहिलेला हा प्रसंग आहे.

त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' लागत असे. यामातोला प्रेक्षक कमी मिळाले आणि 39 भागांची योजना 26 भागांत आटोपली. खरे यश आले 1977 साली, त्याच भागांचा चित्रपट बनला तेव्हा.

पण पुढच्याच वर्षी गाडी जुन्या वळणावर गेली. 1978 च्या चित्रपटात कोदाई नौका घेऊन एकटाच शत्रूच्या महाकाय जहाजावर जाऊन आदळतो. परत येण्यासाठी कल्पिलेली नौका पुन्हा परतीविना पाठवली गेली. चित्रपट तुफान चालला. तरीही त्याच वर्षी सुरू झालेल्या नव्या मालिकेत तीच कथा शेवट बदलून सांगितली गेली आणि तिच्यात कोदाई जिवंत राहिला.

मला हा बदल केवळ धंद्याचा वाटत नाही, जरी मालिका पुढे चालवायची तर नायक जिवंत हवा हे खरेच. 1945 साली जे घडले ते शौर्य की अपव्यय, हा वाद त्या दोन शेवटांत आहे. मरण सुंदर दाखवणे सोपे असते आणि गर्दीला ते आवडतेही. 1974 ची नौका अवघड बाजूने उभी होती. शत्रूचा नाश करून ती थोर ठरली नाही. गेलेली माणसे घेऊन ती घरी आली, म्हणून ठरली. खरी यामातो आजही समुद्राच्या तळाशी आहे. तिला जे जमू दिले गेले नाही, ते दुसऱ्या यामातोने केले.