हजाराचा दिवस

निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला सुट्टी किती वाजता झाली, असं कुणी विचारत नसे. ‘हजार भरलं का?’ एवढंच विचारायचे. मजुरी हजारावर, तेव्हा हजार विड्या झाल्या की दिवस झाला, मग दिवेलागण होवो की मध्यरात्र. घड्याळ लावून मजुराच्या हालचाली मोजायला सांगणाऱ्या अमेरिकेतल्या टेलरसाहेबांचं पुस्तक 1911 साली आलं. आमच्याकडे त्या घड्याळाची गरजच पडली नाही. मुकादमकी सुपातल्या विड्याच करत.

कामात लक्ष कसं ठेवावं, यावर हल्ली व्याख्यानं होतात. मी बँकेत होतो, आम्हालाही अशी शिबिरं झाली. फोन लांब ठेवा, गप्पा टाळा, एका वेळी एकच काम करा. ऐकताना मला माझी आत्ती आठवायची. तिने जन्मभर विड्या वळल्या आणि यातला गप्पांचा नियम एक दिवसही पाळला नाही.

तिचं काम आदल्या रात्री सुरू व्हायचं. पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, कारण कोरडं पान वळताना फाटतं. सकाळी मांडीवर सूप, सुपात जर्दा. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची, जाड शीर टाळून. खरं लक्ष लागायचं ते इथे. पान ठेकेदाराकडून तोलून मिळे. कापताना वाया घालवलं तर हजार पुरे होत नसत, आणि तुटीचं पान पदरचे पैसे मोडून आणावं लागे. एकदा पानं कापून झाली की तिचे डोळे मोकळे. चिमूटभर जर्दा, बोटांचा वळसा, दोऱ्याचे फेरे, विडी बाजूला. तोंडं मुडपायचं काम आम्हा पोरांकडे.

आणि बोलणं अखंड. ओट्यावर चार-पाच सुपं मांडलेली, कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाची म्हैस आटली, कुठल्या ठेकेदारानं पान सडकं दिलं, सगळं तिथेच. ‘‘बोलताना मोजणं चुकत न्हाई व्हय गं आत्ती?’’ असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘मोजणं बोटाला कळतंय बाळ. गप बसलं की झोप येती, आन् विडी पोकळ होती.’’

पोकळ विडी म्हणजे छाट. संध्याकाळी माल दाखवायला गेलं की तपासणारा बंडल उचलून दाबून बघायचा. सैल, आखूड, फाटकी विडी बाजूला काढायचा. तिचे पैसे नाहीत, आणि बऱ्याचदा ती विडी परतही मिळत नसे. बाईच्या नजरचुकीची छाट किती आणि सडक्या पानाची किती, हे ठरवणारा मात्र तोच. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात छाटीच्या आणि कच्च्या मालाच्या तंट्यांचा निवाडा करायची तरतूद आली. कारखान्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली, पाळणाघराचीही सोय लिहिली गेली. पण घरच्या ओट्याला तास कोण लावणार? तिथे हजारच चाले. लेकरू रडलं, चुलीवरचं उतू गेलं, पाण्याची पाळी आली की हात थांबायचे. आमच्या आत्तीचं लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी या, आणि त्यांतली एकही तिने हौसेने ओढवून घेतलेली नव्हती.

तंबाखूच्या कामात हात गुंततात, कान रिकामे राहतात, हे जगभर ओळखलं गेलं होतं. क्युबात हवानाच्या एल फिगारो कारखान्यात 1865 साली सिगार वळणाऱ्यांपुढे वाचून दाखवणारा माणूस बसवला गेला. पुढे अशा वाचकांचा पगार कामगारच वर्गणीतून देत. वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या ऐकून कामगार शहाणे होताहेत म्हटल्यावर सरकारने दुसऱ्याच वर्षी त्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. इकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांमध्ये एकाने पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटणीच्या विड्या भरून द्यायच्या, अशी पद्धत होती. त्याच कण्णूरमध्ये 1969 साली दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. ऐकत ऐकत काम केल्याने विड्या कमी झाल्या, अशी तक्रार कामगारांनी तरी केली नाही.

निपाणीच्या ओट्यांवर वाचकाची जागा गप्पांनी घेतली, पुढे रेडिओने. रेडिओ फक्त कान मागतो, म्हणून चालला. टीव्ही आला तेव्हा आत्ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. मालिका ऐकायची, बघायची नाही. लक्ष राखण्याचा एवढा नेमका उपाय मला बँकेच्या कुठल्याच शिबिरात कुणी सांगितला नाही.

तंबाखूच्या वखारीतलं काम निराळं. तिथे तंबाखू कुटायची, चाळायची; तोंडाला फडकं बांधलं तरी धूळ नाका-घशात जाई. ओळखीच्या एक मावशी सांगायच्या, त्यांच्या वखारीत बोलणाऱ्या बाईवर मुकादम खेकसायचा. त्याला वाटायचं, काम मागं पडतंय. मला वाटतं, त्याला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची असावी. कारण बायका बोलल्या की मजुरीचं बोलत, छाटीचं बोलत, अंगचटीला येणाऱ्या माणसांचं बोलत. 1980 च्या आगेमागे सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला, त्यात या बायका आल्या. एकमेकींची दुखणी त्यांना आधीच ठाऊक होती. युगांतर या गटाने 1982 साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट निपाणीत केला. त्यात या बायका आपलं काम आणि आपली संघटना स्वतःच्या तोंडाने सांगतात.

गावाला त्या वर्षांतली आठवण आहे ती बहुतेक शेतकऱ्यांच्या आंदोलनाची. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि 6 एप्रिल 1981 ला पोलीस गोळीबारात 12 जण गेले. ती आठवण राहायलाच हवी. पण तीच तंबाखू पुढे ज्यांच्या सुपात यायची, त्यांचा दिवस कसा जायचा, याची नोंद फार थोडी आहे.

विडीची मजुरी आजही दर हजारी ठरते, कागलला महाराष्ट्राची वेगळी आणि शेजारच्या निपाणीत कर्नाटकाची वेगळी. वळणाऱ्या हातांची शेवटची पिढी मात्र म्हातारी झाली आहे. निपाणी, कागल, संकेश्वर, चिकोडी भागात ज्यांच्या घरी अशी आजी किंवा आत्ती असेल, त्यांनी फोन बाजूला ठेवू नये. तो चालू करून तिच्यापुढे धरावा आणि तिला बोलतं करावं.