खानदेशातला तंबू : साहेबाची छावणी आणि भिल्लांचा माग

१/ गेल्या हिवाळ्यात एका व्याघ्र प्रकल्पालगतच्या तंबूनिवासात एक रात्र राहण्याचा योग आला. (भाडे चौघांत वाटून दिले, आकडा विचारू नये.) पुढे ओसरी, आत पलंग, मागे न्हाणीघर, वर दुहेरी छत. व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले, "हा स्विस कॉटेज तंबू." नावात स्वित्झर्लंड असले, तरी या तंबूचा संसार हिंदुस्थानातल्या साहेबांच्या दौऱ्यांत मांडला गेला. अशा छावण्यांचे एक विलक्षण प्रकरण आपल्या खानदेशात घडले. त्याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम दौरा म्हणजे काय ते पाहू. पावसाळा सरला की कलेक्टर आणि त्याचे साहाय्यक मुख्यालय सोडून कित्येक महिने गावोगाव हिंडत. पिकांची पाहणी, जमाबंदी, तंटे, अर्ज, सारे काही तंबूतच चाले. तंबूंचे दोन संच असत. साहेब एकात निजलेला असताना दुसरा बैलगाड्यांवर लादून रातोरात पुढच्या मुक्कामी रवाना होई. सकाळी साहेब घोड्यावरून तेथे पोहोचतो, तो तंबू उभा आणि चहा तयार! दोन छतांमधल्या मोकळ्या हवेमुळे उन्हाचा दाह कमी होई. खलाशी तंबू ठोकत, भिस्ती पाणी भरत, खानसामा रांधत असे. गाड्या, वैरण, लाकूडफाटा, कोंबड्या यांची तजवीज मात्र गावाने करायची. त्यातली बरीचशी मेहनत वेठीची असे.

३/ आता खानदेश. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कंपनीच्या हाती आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याहून कारभार सुरू केला. डोंगरांतले भिल्ल मात्र नव्या राज्याला जुमानीत नव्हते. फौजा पाठवल्या, नाईकांना पकडले, फाशी दिले. तरी बंड शमेना. सातपुड्यातल्या हिवतापाने शिपाई हैराण झाले ते वेगळेच.

४/ अखेर १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने धोरण बदलले. भिल्लांना माफी द्यावी, शेतीसाठी मदत करावी आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभारावी, असे ठरले. या 'भिल्ल कोअर'चे ठाणे झाले धरणगाव (आजच्या जळगाव जिल्ह्यातले), आणि अधिकारी म्हणून नेमला गेला बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रम.

५/ पलटणीत येणार कोण? ज्या सरकारने आप्तांना फासावर चढवले, त्याच्या छावणीत जाऊन बंदूक हाती घेणे सोपे नव्हते. सुरुवातीला अगदी थोडे आले. औट्रमने शिकारीचा मार्ग धरला. भर उन्हाळ्यात पाणवठे आटतात, उरलेल्या डोहांभोवती वाघ गोळा होतात. म्हणून शिकारीचा खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. वाघाचा माग काढावा भिल्लाने, हाका घालावा भिल्लाने. हा तरुण साहेब त्यांच्याबरोबर पायी झाडीत शिरे. भिल्लांनी त्याच्यावर टाकलेल्या विश्वासाचे मूळ पुष्कळसे या सहवासात आहे.

६/ पण हे चित्र फार गोड करून घेऊ नये. त्या भिल्लांपैकी मोजक्यांचीच नावे कागदोपत्री उरली. मेलेल्या वाघांची मोजदाद मात्र चोख ठेवली गेली. औट्रम सुमारे दहा वर्षे खानदेशात होता आणि तेवढ्या काळात त्याच्या शिकारीत दोनशेच्या आसपास वाघ पडले. याच सातपुड्यात वाघदेव पुजला जातो. पोटासाठी त्याच वाघाचा माग साहेबाला दाखवताना त्या माणसांच्या मनात काय आले असेल, हा प्रश्न मला या विषयात सर्वांत अधिक छळतो.

७/ (जाता जाता : शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथला १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी दिसली, ती याच भागाच्या दक्षिण सीमेवर. ती कथा सर्वांना पाठ असते. धरणगावची क्वचितच कोणाला.)

८/ औट्रम १८३५ मध्ये गुजरातेत गेला. विश्वासाची ती शिदोरी पुढे सर्वांना पुरली नाही. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या डोंगरात भिल्ल इंग्रजांशी लढले. त्यांचा एक नेता खाज्या नाईक पूर्वी सेंधवा घाटाच्या रखवालीवर सरकारी नोकरीत होता!

९/ आज खानदेशात वाघ मुख्यत्वे मुक्ताईनगर-वढोदा परिसरात, तेही मोजकेच उरले आहेत. मी राहिलो त्या तंबूचे खांब सिमेंटच्या ओट्यात पक्के रोवलेले होते. तो आता कोठेही जात नाही. सकाळी जंगलात नेणारा वाटाड्या शेजारच्या पाड्यातला होता. पगमार्क आम्हाला दिसण्याआधी त्याला दिसला.

१०/ धुळे, नंदुरबार, जळगावच्या वाचकांना एक विनंती. साहेबाच्या मुक्कामासाठी गाडी जुंपल्याच्या, हाक्याला गेल्याच्या आठवणी आपल्या घरात आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील, तर गावाच्या नावासह खाली अवश्य लिहा. दप्तरांत ही बाजू फारशी सापडत नाही.