लेथचा वेग कुणाच्या हातात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलहून हार्बरची गाडी मुंबईकडे निघताना एक आवाज येतो, तो तुम्ही ऐकला असेल. डब्याखालून एक सूर उठतो, चढत जातो, मध्येच पट्टी बदलतो आणि तोवर गाडीने वेग घेतलेला असतो. माझी या सुराशी पहिली ओळख मात्र गाडीत झाली नाही. ती झाली पनवेलमधल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये, एका जुन्या लेथपाशी. या दोन आवाजांमागची गोष्ट एकच आहे. ती सांगायची तर जरा मागे जावे लागेल.

पनवेल हे चाकांचे गाव. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलला उतरायचा आणि तिथून गाडीने घाट चढायचा. आगगाडी आली तशी ती वर्दळ ओसरली, तरी जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याचीच नोंद आहे. त्या काळी आपल्याकडे लाकूड कातायचे ते दोघांनी मिळून. एकजण दोरी ओढून लाकूड फिरवायचा, दुसरा पटाशी धरायचा. वेग कमी-जास्त करायचा तर कातारी नुसता ओरडायचा, ‘हळू रे’ किंवा ‘ओढ जोरात’. त्याला हवा तो वेग मिळायचा, कारण यंत्र म्हणजे समोरचा माणूसच होता.

लोखंडाला असे हाताने फिरवून भागत नाही. इंग्लंडमध्ये 1800च्या सुमारास हेन्री मॉड्‌स्ले याने आटे पाडणारा धातूचा लेथ सिद्ध केला आणि त्यामागोमाग कारखाने वाफेवर चालू लागले. कारखान्यात इंजिन एकच असे. छताखालून एक लांब शाफ्ट जाई आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. इंजिन आपल्या एकाच चालीने फिरणार. मग लेथचा वेग बदलायचा कसा? त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची पुली आली. पट्टा मोठ्या पायरीवरून लहान पायरीवर सरकवला की वेग बदलतो. पुढे बॅक गिअर आले. पण पायऱ्या तीन किंवा चार आणि गिअर लावून दुप्पट, म्हणजे वेग सहा-आठच. अधलेमधले काही नाही. शिवाय चालता पट्टा सरकवताना कितीजणांनी बोटे गमावली, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सहा-आठ वेग पुरत नाहीत की काय? एक उदाहरण देतो. साध्या पोलादाचा जॉब हायस्पीड स्टीलच्या हत्याराने कापायचा, तर धारेखालून धातू मिनिटाला साधारण 25 मीटर वेगाने सरकायला हवा. 300 मिलिमीटर व्यासाची तबकडी घेतली तर त्यासाठी मिनिटाला 26 फेरे लागतात. तिचे तोंड सपाट करत हत्यार आत आत गेले आणि व्यास 30 मिलिमीटर उरला, की तोच वेग राखायला 265 फेरे हवेत. एकाच कापात दहापट फरक! पायरीच्या पुलीवर टर्नर मधलाच कुठला तरी वेग निवडतो. मग बाहेरच्या कडेला धार जळते आणि आतल्या बाजूला जॉब खरवडल्यासारखा दिसतो.

हा फरक किती महागात पडतो, ते अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या माणसाने मोजले. 1880 साली मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने प्रयोग सुरू केले, ते 26 वर्षे चालले. 1906 साली त्याने जो निबंध वाचला, त्यात आठ लाख पौंड पोलाद किसात गेल्याची नोंद आहे. तोवर त्याने व्हाइट या सहकाऱ्याबरोबर हायस्पीड स्टील घडवून 1900च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेही होते. त्याच्या सूत्राने पाहिले, तर या पोलादाच्या हत्याराचा वेग 20 टक्क्यांनी वाढवला की धारेचे आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येते. इतका नाजूक मामला! टेलरने यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला कधी पटला नाही. वेग कामगाराने ठरवायचा नाही, तो कचेरीतल्या माणसाने गणकपट्टीवर काढायचा आणि चिठ्ठीवर लिहून द्यायचा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे कातारी ओरडून जे मिळवत होता, तेच काढून घ्यायचे.

मग वीज आली. आपल्याला ती फार लांबून आली नाही. 1915 साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये वाफेची जागा मोटर घेऊ लागली. पुढे एकेका लेथला स्वतंत्र मोटर मिळाली, छताखालचे पट्टे गेले. आपल्या माणसांनी लेथ बनवायलाही घेतले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानात 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर बनवणारे ते घराणे 1941 साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर काढून लेथकडे वळले. त्यांचे ‘एंटरप्राइज’ आणि ‘टर्नमास्टर’ लेथ पुष्कळांनी हाताळले असतील. 1953 साली बंगळूरला एचएमटी आली. छोट्या वर्कशॉपांना परवडणारे लेथ मात्र यायचे ते बटाल्याहून आणि राजकोटहून.

पण मोटर आली तरी वेगाचा प्रश्न तसाच राहिला, किंबहुना अधिक पक्का झाला. 1889च्या सुमारास दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने घडवलेली तीन फेजची मोटर दणकट, स्वस्त, ब्रशची कटकट नसलेली. पण तिचा वेग वीजजाळ्याच्या आवर्तनांना बांधलेला. आपल्याकडे सेकंदाला 50 आवर्तने, म्हणून चार ध्रुवांची मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या आसपास फिरणार. पनवेलच्या लेथवर टर्नर कितीही कुशल असो, मोटरीची चाल ठरणार ती वीजकेंद्रातल्या टर्बाइनवर. एकदिश विजेच्या मोटरीचा वेग बदलता येई, पण 1891 साली वॉर्ड लिओनार्डने सुचवलेल्या पद्धतीत एका मोटरीसाठी आणखी दोन यंत्रे लागत. खाणीच्या पाळण्याला ते परवडेल, आमच्या टर्नरला कसे परवडणार?

गाठ सुटली ती मोटर न बदलता तिला मिळणारी वीज बदलल्यामुळे. आलेली वीज आधी एकदिश करायची, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तिच्यापासून हव्या त्या आवर्तनांची तीन फेजची वीज पुन्हा घडवायची. हे तोडजोडीचे काम करणारा आयजीबीटी नावाचा अर्धवाहक 1980च्या दशकात पुढे आला. त्यामागचे एक मोठे नाव जयंत बालिगा, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. तो सूर म्हणजे या तोडजोडीचाच आवाज.

आता त्या वर्कशॉपकडे येतो. मालकाने एका बंद पडलेल्या कारखान्यातून बटाला लेथ उचलला होता. त्याला मोटर दोन अश्वशक्तीची, तीन फेजची, आणि गाळ्यात वीज एका फेजची. कुणीतरी सांगितले की छोटा ड्राइव्ह एका फेजवरून तीन फेज काढून देतो. मोटरीचे स्टार कनेक्शन सोडून डेल्टा केले आणि लेथ फिरला. वेग बदलता येतो, हे फुकटात हाती लागले!

आनंद दोन दिवस टिकला. लेथचा जुना उलट-सुलट फिरवायचा दांडा तारतंत्र्याने ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधोमध तसाच ठेवला होता. टर्नरने सवयीने तो चालत्या लेथवर ओढला आणि ड्राइव्ह गेला. एका महिन्याचा पगार धुरात. दुसरा ड्राइव्ह आला तेव्हा दांड्याच्या तारा मोटरीकडून काढून ड्राइव्हच्या आज्ञा घेणाऱ्या टोकांना जोडल्या. मग कुणीतरी थांबण्याचा वेळ एक सेकंद ठेवला. या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा. स्पिंडल थबकला, जड चक मात्र आपल्या वेगाने फिरत राहिला, आटे सुटले आणि तो बेडवर आदळला. टर्नरचा पाय वीतभर लांब होता म्हणून वाचला. त्यानंतर वेळ सहा सेकंद झाला. वीज जाऊन आली की लेथ आपोआप सुरू होणार नाही, याचीही सोय केली. वीज बंद केल्यावर काही मिनिटे ड्राइव्हचे झाकण उघडायचे नाही, हेही सगळ्यांना बजावले, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

तिसरा धडा मला सगळ्यात आवडला. मालक पट्टे आणि बॅक गिअर काढून टाकायच्या बेतात होता. आता बटण आहे, गिअर कशाला? पण आवर्तने 50 वरून 10 वर आणली की मोटरीचा पीळ साधारण तेवढाच राहतो आणि ताकद पाचव्या हिश्श्यावर येते. दोन अश्वशक्तीची मोटर अर्ध्याही अश्वशक्तीची उरत नाही. तिच्या शेपटीवरचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे ती तापते. मोठ्या फ्लँजवर पहिलाच खोल काप घेतला आणि मोटर गुरगुरून थांबली. टर्नर काही बोलला नाही. त्याने बॅक गिअर लावला, आवर्तने वर नेली आणि काप पूर्ण केला. मग हत्यार मध्याकडे सरकू लागले तसतसा डाव्या हाताने तो वेग वाढवत गेला. किसाचा रंग आणि आवाज, एवढेच त्याचे गणित. मधेच जॉब थरथरू लागला, तेव्हा त्याने बटण केसभर मागे घेतले आणि थरथर गेली.

हे काम आजचे सीएनसी लेथ स्वतःहून करतात. व्यास घटला की फेरे आपोआप वाढतात, कार्यक्रम लिहिणारा दुसरीकडे बसलेला असतो. टेलरला ते पाहून समाधान वाटले असते.

त्या वर्कशॉपमध्ये मी नंतर पुन्हा गेलो. ड्राइव्हवर आवर्तनांचे आकडे दिसत होतेच, पण बटणाभोवती नेलपॉलिशचे पाच लाल ठिपके दिले होते. कुठला ठिपका पितळेचा, कुठला बिडाचा, ते विचारल्यावर टर्नर हसला. तिसऱ्या ठिपक्यावर बटण ठेवून त्याने लेथ सुरू केला.