उत्तरेकडे निघालेले मासे

श्रोतेहो, दिंद्रुडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे-साडेतीनशे किलोमीटर दूर. आपल्या भागातल्या पुष्कळांची त्याच्याशी ओळख आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलापुरतीच. तेव्हा माशांचा इतिहास सांगायला हा मास्तर कशाला बसला, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. पण मंडळी, इतिहास काही फक्त राजांचा आणि लढायांचा नसतो. दुष्काळाने गावे उठली, पाण्यासाठी माणसे हलली, हाही इतिहासच. आणि १९७२ सालचा दुष्काळ सोसलेल्या बीड जिल्ह्याला तो वेगळा शिकवायला नको. आजची गोष्ट आहे ती पाण्याखाली उठलेल्या गावांची.

आधी नकाशा पुढ्यात घ्या. गुरुजींनी शाळेच्या भिंतीवरचा उतरवून घेतला तर फारच उत्तम. दिंद्रुड साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे, मुंबईही तिथेच. जमिनीवर ज्वारीचा मुलूख कुठवर, भाताचा कुठून, सफरचंदाचा कोणता, हे आपण जाणतो. समुद्रातही माशांचे असेच मुलूख असतात. मासा थंड रक्ताचा. त्याच्या अंगाची ऊब बहुधा भोवतालच्या पाण्याइतकीच. पाणी तापले की त्याचा श्वास वाढतो, भूक वाढते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. चुलीवर पातेले ठेवून बघा. उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. म्हणजे गरज वाढली आणि पुरवठा घटला. अशा वेळी मासा काय करील? जमले तर थंड पाण्याकडे निघेल.

हा मुलूख किती झपाट्याने हलतो, याचा ठळक दाखला ग्रीनलंडमध्ये सापडतो. हे जगातले सर्वांत मोठे बेट, बहुतेक बर्फाखाली गेलेले. माणसे राहतात ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ती डेन्मार्कची वसाहत होती, आणि तिथले इन्युइट लोक मुख्यतः सील या सागरी प्राण्याच्या शिकारीवर जगत. मांस खायचे, कातडे अंगावर घालायचे नि होड्यांना लावायचे, चरबी दिव्यात जाळायची. आपल्या शेतकऱ्याचा संसार बैलांवर, तसा त्यांचा सीलवर. १९०८-०९ साली आडॉल्फ येन्सन या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली 'त्याल्फे' नावाच्या जहाजाने या किनाऱ्याची पाहणी केली. कॉड हा मोठा, खाण्याजोगा मासा तिथे धंदा करण्याइतका मिळतो का, हे बघायचे होते. थोडाफार सापडला, धंदा उभा राहील एवढा नाही.

आणि मग दहा वर्षे उलटतात न उलटतात तोच दक्षिण टोकाकडे कॉडचे थवेच्या थवे येऊ लागले! उत्तर अटलांटिकचे पाणी त्या सुमारास उबदार होत होते. आइसलंडजवळ जन्मलेली कॉडची पिल्ले समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत ग्रीनलंडला येत, आणि पूर्वी तिथल्या गारठ्यात न टिकणारी ती पिल्ले आता टिकू लागली. १९२० ते १९४० या काळात कॉडची हद्द हजार किलोमीटरहून अधिक उत्तरेला सरकली. इथून दिल्लीपर्यंतचे अंतर समजा. दक्षिणेकडचे सील मात्र कमी झाले. बापजाद्यांपासून शिकारीवर जगलेली माणसे एका पिढीत मासेमार झाली. बर्फावरून सीलचा माग काढणाऱ्या हातांत गळ आणि जाळी आली, खारवलेला कॉड दूरदेशी जाऊ लागला, पैसा खेळू लागला.

पुढे १९५०-६० च्या दशकांत सरकारने ठरवले की विखुरलेल्या लहान वस्त्यांतली माणसे मोठ्या गावांत आणावीत आणि तिथे मासे प्रक्रियेचे कारखाने चालवावेत. पामिउत नावाचे दक्षिणेकडचे गाव त्यासाठी निवडले गेले. चार-चार खोपट्यांच्या वस्तीतून उठून लोक तिथल्या इमारतींत राहायला आले. कॉड आहे तर काळजी कशाची? १९६० च्या दशकात परदेशी ट्रॉलरही तुटून पडलेले होते. एका वर्षात चार लाख टनांहून अधिक कॉड निघाला. आणि त्याच दशकाच्या अखेरीस पाणी पुन्हा गार पडले. पिल्ले जगेनात, आणि मोठे मासे तर जाळ्यांनी उपसून नेलेले. १९७० च्या सुमारास धंदा बसला. धरण दोन वर्षे तुडुंब भरले की आपण सगळे ऊस लावून मोकळे होतो ना, त्यातलाच हा प्रकार. पामिउत पुढे सावरले नाही. उत्तरेकडच्या सिसिमिउत गावाने मात्र वेळीच कोळंबीकडे वळून आपले भागवले. समुद्र एकच, पण कोणी एकाच माशाच्या भरवशावर बसले आणि कोणी बसले नाही, एवढा फरक.

ही ऊब पुष्कळशी समुद्राच्या स्वतःच्या चढउताराची होती. आली तशी गेली. आताचे तापणे निराळे. कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूंनी ते होते आहे, आणि ते माघारी वळायचे लक्षण नाही. नॉर्वेच्या उत्तरेला बॅरंट्स समुद्र आहे. तिथे नॉर्वे आणि रशिया यांची जहाजे मिळून दरवर्षी पाहणी करतात. २००४ ते २०१२ या वर्षांच्या नोंदींवरून नॉर्वेच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की दक्षिणेकडच्या माशांचे समुदाय दशकाला सुमारे १६० किलोमीटर वेगाने उत्तरेकडे सरकले आहेत. कॉड आणि हॅडॉक हे त्यांतले पुढारी. हे मासे अंगाने मोठे, मिळेल ते खाणारे. तिथले मूळ रहिवासी लहान, आणि त्यांतला ध्रुवीय कॉड तर बर्फाशी बांधलेला. त्याची पिल्ले बर्फाच्या आडोशाने वाढतात. वरून आडोसा वितळतो आहे आणि खालून खादाड पाहुणे येताहेत. मच्छीमाराला ही बरकतच वाटते, कारण त्याला कॉड हवा असतो. मूळच्या माशांनी जायचे कुठे? आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्याला निदान जायला गाव असते. ध्रुवाच्या पलीकडे आणखी उत्तर नाही.

आता आपल्या अरबी समुद्राकडे या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली मांडले की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्याच्या मोसमात सुमारे १.२ अंशाने तापला. ज्या समुद्रावरून आपला पाऊस येतो, तोच हा समुद्र.

इथला आपला कॉड म्हणजे तारली, बोटभर-वीतभर लांबीचा तेलकट मासा. मलबारच्या किनाऱ्याला पावसाळ्यात खालचे गार, सकस पाणी वर येते, म्हणून तारलीचा मुलूख तोच: ८ ते १४ अक्षांश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिच्या नोंदी सांगतात की १९८५ च्या सुमारापर्यंत जवळजवळ सारी तारली याच पट्ट्यात मिळे. नंतर मात्र ती १४ अक्षांशाच्या वर, आपल्या कोकणाकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मिळू लागली. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली निघाली होती. २०२१ साली निघाली अवघी ३,३०० टनांच्या आसपास. २०२३ मध्ये ती पुन्हा लाखाच्या वर गेली. सगळा दोष उन्हाला देऊ नये. तारली जात्याच लहरी. १९४० च्या दशकातही ती अशीच आटली होती आणि मद्रास सरकारला १९४३ साली जाळ्यांवर बंधने घालावी लागली होती. शिवाय अंडी न घातलेली पिल्लेही आपण उपसतो. तापलेले पाणी आणि बारीक आसाचे जाळे, दोन्ही मिळून घाव घालतात.

पण उत्तरेकडच्या गार समुद्रात आणि आपल्या समुद्रात एक मोठा भेद आहे, आणि माझ्या मते खरी काळजी तिथेच आहे. तिकडे एक मासा गेला तर दक्षिणेकडून दुसरा येतो. आपल्याकडे गेलेल्याची जागा घ्यायला आणखी उष्ण समुद्रातून कोण येणार? आणि जाणाऱ्याला वाट तरी कुठवर? कोचीवर बोट ठेवा नि वर सरका: मंगळूर, कारवार, मालवण, रत्नागिरी, मुंबई, वेरावळ, कराची. तिथे किनारा पश्चिमेला वळतो आणि समुद्र संपतो.

म्हणून बांगड्याने दुसरी वाट धरलेली दिसते, ती खालची. पूर्वी बांगडा वरच्या थरातल्या जाळ्यांत मिळे. १९८५ ते १९८९ या वर्षांत देशातल्या बांगड्यापैकी फक्त २ टक्के तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत आला होता. २००३ ते २००७ मध्ये हा वाटा १५ टक्क्यांवर गेला. तापलेला वरचा थर सोडून तो खोल, गार पाण्यात उतरतो आहे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसे आजही वाळूत उभी राहून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. त्यांचे जाळे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात फिरते. खोल उतरलेल्या बांगड्यापर्यंत ते पोचत नाही. ट्रॉलरचे पोचते.