तायक्वांदो : शिष्टाचार आणि स्वसंरक्षण

तायक्वांदो : लाथांवर विशेष भर देणारा निःशस्त्र कोरियन युद्धकलाप्रकार. महाराष्ट्रात तो मुख्यतः शाळेच्या पटांगणात, समाजमंदिरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या संध्याकाळच्या क्लासमधून शिकवला जातो, आणि पालकांच्या बोलण्यात त्याचे नाव बहुधा ‘कराटे’च असते. मुलांना क्लासला का घातले असे विचारले, तर ‘शिस्त लागेल’ आणि ‘स्वतःचं रक्षण करता येईल’ ही दोन उत्तरे हमखास मिळतात. प्रस्तुत नोंद या दोन अंगांपुरती आहे. ती एकमेकांत गुंतलेली आहेत. मात्र पदकासाठी घेतलेले शिक्षण आणि रस्त्यावर उपयोगी पडणारे शिक्षण यांत जे अंतर आहे, ते क्लासच्या फलकावर लिहिलेले नसते.

कोरियावर १९१० ते १९४५ जपानचा अंमल होता. तो संपण्याच्या सुमारास आणि त्यानंतर सोलमध्ये ‘क्वान’ म्हणजे निरनिराळ्या तालमी निघाल्या. त्यांच्या शिक्षणावर जपानी कराटेची छाप होती. या तालमींना एका छत्राखाली आणण्याच्या खटपटीत ११ एप्रिल १९५५ रोजी ‘तायक्वांदो’ हे नाव ठरले. त्यामागे जनरल चोई हाँग ही यांचा पुढाकार होता. चोई यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ काढला. पुढे ते कॅनडात गेले आणि सोलमध्ये १९७२ साली कुक्कीवोन हे मुख्य केंद्र व १९७३ साली जागतिक महासंघ उभा राहिला. तेव्हापासून दोन घराणी वेगळी चालतात : गणवेशाची शिवण, ठरावीक हालचालींचे संच आणि लढतीचे नियम यांतही फरक आहे. ऑलिंपिकमध्ये १९८८ व १९९२ साली प्रात्यक्षिक म्हणून आणि २००० च्या सिडनीपासून पदकाचा खेळ म्हणून दिसतो तो दुसऱ्या घराण्याचा. भारतात या कलेचा प्रसार १९७५ च्या सुमारास जिमी जगतियानी यांनी सुरू केला. महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत आल्यावर ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. या नोंदीतील बहुतेक उदाहरणे ज्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली आहेत, ते १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात आले, तेव्हापासून येथील शाळकरी खेळाडूंची जिल्हास्तरीय स्पर्धा पालघरच्या नावावर होते.

शिष्टाचार. सरावाच्या जागेला ‘दोजांग’, गणवेशाला ‘दोबोक’ आणि शिक्षकाला ‘साबम’ म्हणतात; मराठी मुले मात्र ‘सर’ किंवा ‘मॅडम’च म्हणतात. चपला बाहेर काढून, उंबऱ्यात कमरेतून वाकून आत यायचे. ‘चर्योत’ म्हणताच टाचा जुळवून सावधान, ‘क्युंग्ने’ म्हणताच नमस्कार, ‘जुन्बी’ला तयार, ‘सिजाक’ला सुरू. कोरियन आकडे (हाना, दुल, सेत, नेत) पहिल्या आठवड्यातच तोंडपाठ होतात, कारण प्रत्येक लाथ त्यांच्या तालावर मारायची असते. पट्टा सैल झाला, तर शिक्षकाकडे आणि ध्वजाकडे पाठ करून, बाजूला वळून तो बांधायचा. दोन्ही टोके सारख्या लांबीची आली पाहिजेत. वस्तू देता-घेता दोन्ही हात पुढे करायचे. पांढऱ्यापासून पिवळा, हिरवा, निळा, तांबडा असे पट्ट्यांचे टप्पे ‘गुप’ या उतरत्या क्रमाने मोजतात. काळ्या पट्ट्यापासून ‘दान’ चढत्या क्रमाने. कुक्कीवोनच्या पद्धतीत पंधरा वर्षांखालील मुलांना दानऐवजी ‘पूम’ मिळतो. रांगेत उभे राहायचे तेही पट्ट्याच्या क्रमाने, वयाच्या नव्हे. त्यामुळे नववीतला मुलगा सहावीतल्या मुलीच्या मागे उभा राहतो, आणि पहिले काही दिवस त्याला ते रुचत नाही.

आखाड्याची माती कपाळाला लावून वस्तादांच्या पाया पडणाऱ्या मुलुखात हे सारे परके वाटू नये. तालमीतला नमस्कार मातीला आणि गुरूला असतो. दोजांगमधला मुख्यतः समोरच्या जोडीदाराला. त्याचा अर्थ व्यवहाराचा आहे. नमस्कार केला म्हणजे आपण दोघे एका ठरलेल्या मर्यादेत एकमेकांवर लाथा चालवू, आणि ‘कल्यो’ (वेगळे व्हा) म्हणताच हवेत असलेला पायही मागे घेऊ, असा तो करार. जागतिक महासंघाच्या नियमांत लढतीआधीचा नमस्कार मान खाली घालून असतो. चोई यांच्या घराण्यात सुमारे पंधरा अंश वाकून नजर समोरच्याच्या डोळ्यांवर ठेवायला शिकवतात. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने ही दुसरी सवय अधिक उपयोगी. संरक्षक साधने न घालता जोडीने सराव करणाऱ्या वर्गात दुखापती टळतात त्या या शिस्तीमुळे, आणि आज्ञेवर थांबता येणे हीच संयमाची पहिली परीक्षा असते.

याच शिस्तीची दुसरी बाजू कोशात सहसा येत नाही. वरिष्ठाला उलट बोलायचे नाही, शिक्षक सांगेल ते ‘हो सर’ म्हणून करायचे, ही सवय मुलाच्या अंगी पुरती मुरली, तर नकार देण्याची त्याची ताकद कमी होते. स्वसंरक्षणाचे पहिले अस्त्र नकार हेच आहे. पकडी आणि सुटका शिकवताना शिक्षकाला मुलाच्या मनगटाला, खांद्याला, मानेला हात लावावा लागतो. म्हणून आधी विचारणे, सराव उघड्या दारात घेणे आणि मुलींच्या जोड्या मुलींशी लावणे हे शिष्टाचाराचेच भाग मानले पाहिजेत. मुलांच्या लैंगिक छळाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने टाकली आहे. क्लासही त्यातून सुटत नाहीत.

स्वसंरक्षण. तायक्वांदोतील स्वसंरक्षणाच्या भागाला ‘होशिनसुल’ म्हणतात. त्यातील सांधे मुरगळण्याची व पाडण्याची तंत्रे हापकिदो या दुसऱ्या कोरियन कलेशी नाते सांगतात. चोई योंग-सुल जपानहून १९४५ नंतर मायदेशी परतले आणि देगू शहरात त्यांनी जे शिकवायला सुरुवात केली, त्यातून हापकिदो वाढले. पदकांच्या तायक्वांदोत मात्र याला फारशी जागा नाही. कमरेखाली लाथ आणि तोंडावर गुद्दा तेथे निषिद्ध. डोक्यावरच्या लाथेला छातीवरच्या लाथेपेक्षा जास्त गुण. साहजिकच खेळाडू हात खाली सोडून, लांबून, उंच लाथा मारायला शिकतो. डहाणू-चर्चगेट लोकलच्या गर्दीत यातले काहीच चालत नाही. तेथे पाय उचलायला जागा नसते, आणि अंगचटीला येणारा मनुष्य हातभर अंतरावर नसून अंगावरच असतो. कोपर, तळहाताची टाच, गुडघा, पायाच्या टाचेने पाऊल चिरडणे, आणि मोठा आवाज ही तेथली साधने.

मनगट सोडवण्याचे तंत्र हा होशिनसुलचा श्रीगणेशा. समोरच्याने मनगट धरले की चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला येतो. पकडीतली फट नेमकी तेथे असते. नवशिका हात आपल्याकडे सरळ ओढतो, आणि समोरचा ताकदवान असेल तर स्वतःच ओढला जातो. शिकलेली मुलगी बोटे ताठ पसरते (त्याने मनगटाच्या शिरा घट्ट होतात), अर्धे पाऊल समोरच्याकडे टाकते, कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने नेते आणि मनगटाची अरुंद कड अंगठ्याच्या फटीकडे फिरवून बाहेर काढते. पाऊल पुढे पडणे महत्त्वाचे. भीतीने पाऊल मागे जाते, आणि त्यामुळेच हे तंत्र शेकडो वेळा घोटावे लागते. दोन्ही हातांनी धरले, केस ओढले, मागून कवेत घेतले, ओढणी किंवा पिशवी खेचली, असे प्रसंग मग एकेक करून बसवतात. प्रत्येक सुटकेसोबत ‘किहाप’, म्हणजे पोटातून काढलेली आरोळी, असते. तिने श्वास अडकत नाही, समोरचा क्षणभर बिचकतो, आणि आजूबाजूची माणसे वळून पाहतात; गाडीच्या डब्यात यातला तिसरा उपयोग सर्वांत मोलाचा. पिशवी गेली तर जाऊ द्यावी, हेही तेथेच सांगायचे असते.

सरावाची जागा कशी यावरही बरेच ठरते. आगर, नरपड, चिखले, बोर्डी या डहाणूच्या किनारपट्टीत मोकळी वाळू सहज मिळते. वाळूत धावणे, उड्या आणि पडण्याचा सराव उत्तम होतो. पण ‘दोल्यो चागी’ या वळणाच्या लाथेत उभा पाय चवड्यावर फिरून टाच समोरच्याकडे यावी लागते. ओल्या वाळूत पाऊल रुतते, कंबर फिरते, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्यामुळे वळणाच्या लाथा मॅटवर किंवा गुळगुळीत फरशीवरच घ्याव्यात. पावसाळ्यात सरावाला जागा उरते ती शाळेच्या व्हरांड्याची. तेथे दाटीवाटीने उभ्या मुलांना होशिनसुलच शिकवता येते, आणि ते एका परीने बरेच.

कायद्याने स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तेव्हा हा हक्क उरत नाही. सुटका झाल्यावर पळणाऱ्या माणसाला गाठून मारलेली लाथ या हक्कात बसत नाही. काळ्या पट्ट्याच्या मुलांना ही कलमे ठरावीक हालचालींच्या संचांइतकीच पाठ असायला हवीत. आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२, बालकांसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ आहे.

पट्ट्याच्या प्रमाणपत्राला जो मान मिळतो तो देणाऱ्या संघटनेवर अवलंबून असतो, आणि देशात एकाहून अधिक संघटनांनी अधिकृत असल्याचे दावे केलेले आहेत. खेळाडूंचे गुण आणि नोकरीतील आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राकडे पालकांचे डोळे लागलेले असतात. स्वसंरक्षणासाठी शिकणाऱ्याने त्यात फार अडकू नये.

समग्र शिक्षा अभियानातील राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण सहावी ते बारावीच्या मुलींसाठी आहे. त्यात तीन महिन्यांच्या वर्गासाठी शाळेला दरमहा ५,००० रुपयांची तरतूद असते. तीन महिन्यांत फिरकी लाथ येत नाही. चार-पाच सुटका, आवाज, पडून उठणे आणि कोणाकडे मदत मागायची हे नीट येऊ शकते. उरलेले काम सरावाचे. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत मुली वसतिगृहात एकत्र राहतात, म्हणून त्यांना जेवणाआधी जोडी लावून पुन्हा घोटता येते. घरून ये-जा करणाऱ्या मुलींची जोडीदार मात्र शाळा सुटली की आपल्या पाड्याला निघून जाते.